लॅपटॉपच्या अंगभूत ऑडिओला ५.१ स्पीकर कसे जोडावेत?

गंगापूररोडकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे डेस्कटॉपच्या काळात घेतलेला ५.१ स्पीकरचा, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाच्या आवाजासाठी एक सबवूफर असा, संच आहे. त्याच्या सबवूफरला हिरवी, काळी आणि नारिंगी अशा तीन पिनांची केबल लागते. डेस्कटॉपच्या मागे त्याच रंगांचे जॅक होते, त्यामुळे जोडणीचा प्रश्न कधी आला नाही. आता विंडोज ११ असलेला लॅपटॉप वापरतो आणि त्याला हेडफोन व माइक मिळून एकच जॅक आहे. एम. जी. रोडवरील एका दुकानात चौकशी केली असता, एका पिनेचे तीन जॅक करणारी वायर हाती ठेवण्यात आली. ती लावल्यावर सगळे स्पीकर वाजतात खरे, पण जे पुढे ऐकू येते तेच मागेही येते, आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘स्टिरिओ’खेरीज पर्यायच दिसत नाही. लॅपटॉपवर डॉल्बी ॲटमॉसचे (भोवताली आवाज पसरवणाऱ्या तंत्राचे) स्टिकर असल्यामुळे सोय कुठेतरी दडलेली असावी, असे वाटते. ड्रायव्हर बदलून काम होईल का, की वेगळे काही घ्यावे लागेल?

सिडकोवासी

ड्रायव्हर बदलून काहीही साधणार नाही, कारण अडचण जॅकमध्येच आहे. साध्या हेडफोनची ३.५ मि.मी. पिन जवळून पाहिली, तर तिच्यावर दोन काळ्या पट्ट्या आणि त्यांनी वेगळे केलेले धातूचे तीन भाग दिसतात : टोक डाव्या आवाजासाठी, मधली कडी उजव्यासाठी आणि बूड अर्थिंगसाठी. माइकवाल्या हेडफोनच्या पिनेवर तिसरी पट्टी असते, पण तो चौथा भाग आवाज आत नेण्यासाठी असतो, बाहेर आणण्यासाठी नव्हे. म्हणजे आपल्या लॅपटॉपच्या जॅकमधून दोनच चॅनेल (आवाजाचे स्वतंत्र प्रवाह) बाहेर पडतात. ५.१ संचाला मात्र सहा लागतात : हिरव्या पिनेतून पुढचे दोन, काळ्या पिनेतून मागचे दोन, आणि नारिंगीतून मधला स्पीकर व सबवूफर. दुकानदाराने दिलेली वायर त्याच दोन चॅनेलची तीन ठिकाणी वाटणी करते, इतकेच.

जुन्या काही लॅपटॉपना दोन-तीन स्वतंत्र जॅक असत आणि रियलटेक या ऑडिओ चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ऑडिओ मॅनेजरमध्ये जाऊन माइकचा जॅकही आउटपुट म्हणून वापरता येत असे. इंटेलने २००४ मध्ये आणलेल्या हाय डेफिनिशन ऑडिओ या मानकातच तशी तरतूद आहे. आपल्या लॅपटॉपमधील चिपमध्येही कदाचित जादा चॅनेल असतील, पण त्यांच्या जोडण्या कॅबिनेटबाहेर काढलेल्या नसतील, तर सॉफ्टवेअर तरी काय करणार? स्टिकरबद्दल म्हणाल, तर तिथे ॲटमॉसचा अर्थ लॅपटॉपच्या दोन स्पीकरवर किंवा हेडफोनवर भोवतालच्या आवाजाचा आभास निर्माण करणारी प्रक्रिया, एवढाच असतो.

आपल्या संचासाठी यूएसबीला जोडायचे बाहेरचे ५.१ किंवा ७.१ साउंड कार्ड हा सरळ उपाय आहे. बहुतेक कार्डे विंडोज स्वतःच ओळखते. घेताना मात्र खोक्यावरचे आकडे वाचू नका, जॅक मोजा. पेन-ड्राइव्हएवढी स्वस्त कार्डे ‘७.१’ असे ठळक अक्षरांत छापून विकली जातात, आणि त्यांना एक हेडफोनचा व एक माइकचा असे दोनच जॅक असतात. ती आपल्या उपयोगाची नाहीत. पुढचे, मागचे आणि मधला-सब असे आउटपुटचे किमान तीन वेगळे जॅक हवेत. कार्ड लावल्यावर ‘साउंड’ सेटिंगच्या तळाशी ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ उघडा, यूएसबी कार्ड निवडून ‘कॉन्फिगर’ दाबा, ५.१ निवडा आणि चित्रातील एकेका स्पीकरवर क्लिक करून आवाज योग्य ठिकाणाहून येतो की नाही ते पाहा.

नाशिकरोडकर

वरील उत्तराशी सहमत. ज्यांच्याकडे एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) आहे, त्यांनी कार्डाच्या भानगडीत न पडता एचडीएमआय वापरावे, कारण त्या एकाच केबलमधून आठ चॅनेलपर्यंत आवाज जातो. रिसीव्हर चालू करून जोडल्याशिवाय तो विंडोजच्या यादीत सहसा दिसत नाही. ऑप्टिकल केबलमधून साधा पीसीएम (न दाबलेला डिजिटल) आवाज दोनच चॅनेलचा जातो आणि ५.१ हवा असल्यास तो डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस स्वरूपात दाबून पाठवावा लागतो. ब्लूटूथचा विचार सोडून द्यावा. त्यावर नेहमीच्या वापरात स्टिरिओच मिळतो.

गंगापूररोडकर

आपणा दोघांचे आभार. चार आउटपुट जॅक असलेले कार्ड आणले आणि पुढचे-मागचे चारही स्पीकर चाचणीत बरोबर वाजले. मात्र मधल्या स्पीकरवर क्लिक केले की आवाज सबवूफरमधून घुमल्यासारखा येतो. शिवाय ब्राउझरमधील व्हिडिओ पुढच्या दोन स्पीकरवरच वाजतात.

सिडकोवासी

पहिली अडचण नेहमीची आहे. नारिंगी पिनेच्या टोकावर मधला स्पीकर आणि कडीवर सबवूफर असा संगणकांचा सर्वसाधारण प्रघात आहे, पण काही संच नेमके उलटे बांधलेले असतात. कार्डासोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये मधला आणि सब यांची अदलाबदल करण्याचा पर्याय असेल तर तो वापरा. नसेल तर ३.५ मि.मी.मधून दोन आरसीए (टीव्हीला लागणाऱ्या लाल-पांढऱ्या गोल पिना) काढणारी एक वायर आणि दोन आरसीएमधून पुन्हा ३.५ मि.मी. करणारी दुसरी वायर घ्या, आणि मध्ये लाल टोक पांढऱ्याला व पांढरे लालला जोडा. कोणतेही सेटिंग न बदलता काम होते.

दुसरी गोष्ट बिघाड नाही. ब्राउझरमध्ये येणारे बहुतांश व्हिडिओ मुळात स्टिरिओच असतात. ‘स्पीकर फिल’सारखा पर्याय मिळाल्यास तो मागच्या स्पीकरवरही आवाज पसरवतो, मला स्वतःला तो कृत्रिम वाटतो, गाण्यांना तर नकोच. खरी परीक्षा ५.१ ट्रॅक असलेल्या डीव्हीडीवर किंवा फाइलवर घ्या, आणि व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या ‘ऑडिओ’ मेनूत जाऊन तोच ट्रॅक निवडला आहे याची खात्री करा, कारण एकाच डीव्हीडीवर अनेकदा स्टिरिओचा वेगळा ट्रॅकही असतो.