मरेचा पंखा ‘प्रतिभा’ आणि यंदाचं इंजिन ‘चोरी’, हे कोणत्या न्यायाने?

चौथा_गिअर

एक पोस्ट दोन दिवस ग्रुपाग्रुपांतून फिरतेय. म्हणणं असं की पूर्वी रेसिंगमधले इंजिनीअर नियम वाकवायचे ती प्रतिभा होती, आता वाकवतात ती चोरी. प्रतिभेची उदाहरणं तीन: १९७८चा फॉर्म्युला वनमधल्या ब्रॅबम टीमचा पंखा (गॉर्डन मरेचा, गाडीखालची हवा ओढून तिला रस्त्याला चिकटवणारा), १९८१चं ब्रॅबमचं सस्पेन्शन आणि १९९५ची टोयोटा सेलिका ही रॅलीची गाडी. चोरीचं उदाहरण एक, यंदाचा कॉम्प्रेशन रेशोचा वाद. खाली ‘काय दिवस होते ते’ म्हणणाऱ्यांची रांग. वाचून डोकं फिरलं, म्हणून हे सविस्तर.

आधी यंदाचं. २०२६च्या फॉर्म्युला वनच्या नियमांनी कॉम्प्रेशन रेशोची (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं त्याची) मर्यादा १८वरून १६वर आणली. मूळ नियमात तो मोजायचा इंजिन थंड असताना, बाहेरच्या तापमानाला. तापलं की धातू फुगतो, आणि मग धावताना रेशो १६च्या वर जाईल अशी रचना कुणीतरी केली असावी, असा संशय हंगामाआधीच निघाला.

आता १९८१. ग्राउंड इफेक्टला (गाडीखालच्या हवेच्या ओढीने ती जमिनीला चिकटते त्याला) वेसण घालायला बाजूचे सरकणारे पडदे, म्हणजे स्कर्ट, बंद केले आणि गाडी जमिनीपासून किमान ६ सेंमी वर हवी असं ठरलं. मोजणार पिटमध्ये, उभी असताना, कारण धावत्या गाडीखाली पट्टी घालता येत नाही. ब्रॅबमच्या गॉर्डन मरेने द्रव आणि वायूवर चालणारं हायड्रोन्यूमॅटिक सस्पेन्शन बसवलं. वेग वाढला की हवेच्या दाबाने गाडी खाली बसायची. आतला द्रव बारीक छिद्रांतून जायचा, त्यामुळे वळणावर वेग उतरला तरी ती पटकन वर यायची नाही. पिटकडे परतताना सावकाश उचलली जायची, आणि पट्टी लावेपर्यंत ६ सेंमी पुरे.

उभी असताना ६, थंड असताना १६. युक्ती एकच आहे. एकीला आरती आणि दुसरीला जोडे का? आणि ती ब्रॅबम काही प्रदर्शनातली वस्तू नव्हती. तिचा ड्रायव्हर पिके त्या वर्षी ५०-४९ असा एका गुणाने विल्यम्सच्या रॉयटमनच्या पुढे राहिला आणि विश्वविजेता झाला. त्या एका गुणात या सस्पेन्शनचा वाटा किती, ते ज्याचं त्याने ठरवावं.

टोयोटाला या पंगतीत बसवलेलं तर मला अजिबात मान्य नाही. नियमातली फट शोधणं वेगळं आणि नियम मोडून तो लपवणं वेगळं. माझी कसोटी सोपी आहे: तपासनिसाने विचारलं तर तो भाग तुम्ही समोर ठेवून समजावून सांगू शकता का? मरे सांगू शकत होता. टोयोटा नाही.

कार्ब्युरेटर

मरे समोर ठेवत होता? १९७८ला स्वीडनमध्ये अँडरस्टॉर्पला त्या पंख्यावर कचऱ्याच्या डब्याचं झाकण घालून ठेवलं होतं साहेब. पात्रता फेरीत ब्रॅबमच्या लाउडा आणि वॉटसनला टाकी भरून पाठवलं, म्हणजे खरा वेग कुणाला कळू नये. आणि पिटमध्ये नुसता थ्रॉटल दिला तरी गाडी जागच्या जागी खाली बसत होती! तरी म्हणायचं काय, तर पंख्याचं मुख्य काम इंजिन थंड करणं. तुमच्याच कसोटीवर तो पंखा नापास आहे.

पण मी त्याला चोर म्हणणार नाही, आणि का ते सांगतो. तेव्हा नियम पातळ होते, त्यामुळे एका माणसाच्या डोक्यातून अख्खी गाडी निघायची. लोटसचा चॅपमन, मरे, सहा चाकांची टिरेल काढणारा गार्डनर. शर्यत बघताना आपण त्यांचं डोकं बघत होतो. नव्वदीत आमच्याकडे केबल आली तेव्हा मॅन्सेलची १९९२ची विल्यम्स पाहिली. ती वळणात शिरायची तेव्हा बाकीच्या गाड्या डुलायच्या आणि ही सपाट, जणू जमिनीला चिकटलेली. १९९४ला ते संगणकाने गाडी सपाट ठेवणारं ॲक्टिव्ह सस्पेन्शन बंद करून टाकलं. काही चांगलं निघालं की पुढच्या वर्षी त्यावर बंदी, मग गाड्या सारख्या दिसणार नाहीत तर काय! रंग पुसला तर कुठली कुणाची ते सांगून दाखवा.

रॅलीवेडी

टोयोटाचं नाव निघालं आहे तर पुरतं सांगते, कारण ‘हुशारी’ म्हणणाऱ्या अर्ध्या लोकांना त्यात नेमकं काय होतं ते ठाऊक नसतं.

ग्रुप ए या रॅली गटातल्या गाडीच्या टर्बोसमोर (टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो) ३४ मिमीचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे हवेची वाट अरुंद करणारी कडी, सगळी हवा त्यातूनच गेली पाहिजे. टोयोटाने आत जोरदार स्प्रिंगा बसवल्या. पाइप खास हत्याराने जोडून क्लॅम्प आवळला की रिस्ट्रिक्टर टर्बोपासून किंचित सरकायचा आणि बाजूच्या फटीतून जादा हवा शिरायची. तपासायला पाइप काढला की स्प्रिंगच्या जोराने तो परत जागेवर. म्हणजे उघडून पाहणाऱ्याला कायम नियमातलाच दिसणार. गाडीत फट आहे ती फक्त तुम्ही बघत नसताना. कॅटालुन्याच्या रॅलीत १९९५ला पकडले, हंगामाचे सगळे गुण गेले आणि १९९६ संपेपर्यंत बंदी. नियम करणाऱ्या एफआयएचा अध्यक्ष मॅक्स मोस्ले याने जाहीरपणे त्या कारागिरीचं कौतुक केलं, आणि शिक्षाही दिली. दोन्ही एका तोंडाने करता येतं. मी नाशिकला रॅलीच्या तपासणीत स्वयंसेवक म्हणून उभी राहिले आहे. समोरचा डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलतो तेव्हा त्याच्या कारागिरीचं कौतुक सुचत नाही.

एमिशनवाला

मी चाकणला, इंजिन कॅलिब्रेशनमध्ये. चौथा_गिअर, तुमची कसोटी आमच्या धंद्यात लावून बघा. २०१५ला फोक्सवॅगनचं काय निघालं? गाडीचं सॉफ्टवेअर ओळखायचं की आपण टेस्टच्या रोलरवर आहोत, आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचं. रस्त्यावर गेली की मोकळी. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे. पिटमध्ये ६ सेंमी आणि ट्रॅकवर जमिनीला टेकलेली, हे त्याहून वेगळं कसं? तुम्ही पिकेच्या गाडीला ‘फट शोधणं’ म्हणता आणि हेच आम्ही केलं तर तुरुंग.

चौथा_गिअर

@एमिशनवाला, वेगळं आहे. त्या सॉफ्टवेअरला परीक्षा चालू आहे हे कळत होतं आणि ते वागणं बदलत होतं, शिवाय तसं करायला कायद्यात स्पष्ट बंदी होती. ब्रॅबमच्या सस्पेन्शनला परीक्षा कळत नव्हती, दाब कळत होता. दाब असला की खाली, नसला की वर. नियम लिहिणाऱ्याने उभ्या गाडीचं माप लिहिलं, ते भरलं. आणि त्या धुरात माणसं श्वास घेत होती. शर्यतीत फार तर रॉयटमनचं नुकसान झालं.

@कार्ब्युरेटर, झाकणाचा मुद्दा बिनतोड आहे. पण झाकण प्रतिस्पर्ध्यांपासून होतं, तपासनिसांपासून नव्हतं. त्यांनी पंखा पाहिला आणि गाडी शर्यतीत उतरू दिली. लाउडा अर्ध्या मिनिटाहून जास्त फरकाने जिंकला, तो विजय आजही त्याच्याच नावावर आहे. गाडी मागे घेतली ती बाकीच्या टीम ब्रॅबमच्या मालकावर, एक्लस्टनवर, उठल्या म्हणून.

टिरेलभक्त

सगळे ब्रॅबम आणि टोयोटा घेऊन बसलात. १९८४च्या टिरेलबद्दल एक अक्षर नाही. का, तर गरिबाची बाजू घ्यायला कुणी नसतं!

टर्बोशिवाय धावणारी जवळजवळ तीच एकटी उरली होती. ताकद कमी म्हणून गाडी हलकी ठेवायची आणि शेवटच्या टप्प्यात पिटमध्ये घेऊन टाकीत पाणी भरायचं, पाण्यात शिशाचे छर्रे. वजनकाट्यावर किमान हवे ते ५४० किलो भरले. छर्रे उडून शेजारच्या पिटमध्ये घरंगळायचे, लोक झाडूने लोटायचे, म्हणजे हे सगळ्यांना माहीत होतं. डेट्रॉइटला ब्रंडल दुसरा आला आणि अचानक सगळ्यांना नियम आठवले. आधी आरोप पाण्यात इंधन मिसळल्याचा. तो टिकेना, कारण सापडलं ते नगण्य, तर आरोप बदलले. अख्ख्या हंगामातून बाद. मोनॅकोच्या पावसात बेलॉफ तिसरा आला होता, तेही पुसलं.

आणि खरं कारण? १९८५पासून शर्यतीमागे मिळणारं इंधन २२० लिटरवरून १९५वर येणार होतं. टर्बोवाल्यांना २२०च हवं होतं, त्याला एकमत लागायचं, आणि केन टिरेल एकटा अडून बसला होता. त्याला बाद केलं, मत गेलं, २२० लिटर राहिलं. याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी.

कार्ब्युरेटर

संन्याशी? शिशाचे छर्रे भरणारा संन्याशी? मरेच्या गाडीचं सगळं गाडीतच होतं. टिरेल वजन बाहेरून ओतत होता, शर्यत जवळजवळ संपल्यावर. लबाडीची एवढी उघडी पद्धत मी दुसरी पाहिली नाही. लहान टीम म्हणून सूट द्यायची असेल तर मग नियम कशाला?

टिरेलभक्त

उचलली जीभ लावली टाळ्याला. १९८२ला ब्राझीलमध्ये पिके आणि रॉसबर्ग ‘ब्रेक थंड करायला’ म्हणून टाकीभर पाणी घेऊन निघाले, ते रस्त्यात सांडून हलके धावले आणि नंतर परत भरलं. तीच युक्ती. शिक्षा? त्या एका शर्यतीतून बाद. टिरेलला अख्खं वर्ष. तुमच्या लाडक्या ब्रॅबमला एक न्याय आणि टिरेलला दुसरा, आणि मला नियम शिकवताय?

भोसरी_लेथ

यात पडणार नव्हतो, पण टिरेलभक्तांचं दुखणं मला कळतं. कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी रेसिंग गाडी बांधायची स्पर्धा) टीममध्ये मी इनटेकवर, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या भागावर, होतो. पेट्रोल गाडीला २० मिमीचा रिस्ट्रिक्टर. तपासणीत चालू इंजिनाच्या रिस्ट्रिक्टरचं तोंड बंद करतात. इंजिन तिथल्या तिथे मेलं पाहिजे, नाहीतर हवा दुसरीकडून येतेय. आमचं इंजिन ड्यूक ३९० बाइकचं, नोझल भोसरीतल्या एका काकांनी लेथवर ॲल्युमिनियममधून काढून दिलं होतं, दर पासला व्हर्निअर लावत. तपासनिसाने तळवा ठेवला आणि इंजिन झटक्यात बंद. शेजारच्या टीमचं तोंड बंद केल्यावरही धापा टाकत राहिलं. प्लेनमच्या (रिस्ट्रिक्टरमागच्या हवेच्या डब्याच्या) जोडावर गळती होती. त्यांच्या गाडीवर स्पॉन्सरचे स्टिकर मावत नव्हते. त्यांना सिलिकॉन लावायला वेळ दिला, पुन्हा तपासलं, पास. आम्हाला सीट बेल्टच्या एका बोल्टवरून दिवसभर अडकवलं आणि आमचा अ‍ॅक्सिलरेशनचा इव्हेंट बुडाला. त्यामुळे १९८४ला शिक्षा कुणाला आणि का झाली, ते मला कागद न बघता पटतं.

रॅलीवेडी

भोसरी_लेथ, वाईट वाटलं. पण बेल्टचा बोल्ट हे किरकोळ कारण नाही. मी तपासायला असते तर मीही अडकवलं असतं. गळती माफ करणारा तपासनीस चुकला, बोल्ट पकडणारा नाही.

करीमोटर_फॅन

हे सगळं ठीक आहे, पण नोएडाजवळचं बुद्ध सर्किट २०१३पासून फॉर्म्युला वनविना पडून आहे त्यावर कुणी बोलणार का? करमणूक कर लावून…

चौथा_गिअर

त्यावर वेगळा धागा काढा भाऊ, मी स्वतः येतो तिथे. इथे नको.

फिजिओ_ठाणे

‘काय दिवस होते’वाल्यांसाठी एवढंच. त्या ग्राउंड इफेक्टच्या गाड्यांत ड्रायव्हरचे पाय पुढच्या ॲक्सलच्याही पुढे असायचे. डेपाये १९८० साली हॉकेनहाइमला गेला. १९८२ला व्हिलनव्ह झोल्डरला गेला आणि त्याच वर्षी हॉकेनहाइमला पिरोनीचे दोन्ही पाय असे मोडले की तो पुन्हा फॉर्म्युला वनमध्ये धावलाच नाही. पाय ॲक्सलच्या मागे हवेत हा नियम १९८८ला आला. घोट्याचा चुरा झालेला पेशंट पहिल्यांदा जमिनीवर वजन टाकतो तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो ते मी रोज बघते. कार्ब्युरेटर, गाड्या सारख्या दिसतात याची कारणं यातही आहेत.

कार्ब्युरेटर

ताई, सुरक्षेचा प्रत्येक नियम मला मान्य आहे, त्यावर वाद नाही. पण ॲक्टिव्ह सस्पेन्शन बंद, मास डॅम्पर (गाडीचे हेलकावे शोषणारं वजन) बंद, डॅस (स्टिअरिंग पुढेमागे करून चाकांचा कोन बदलणं) बंद, यातल्या कशाने कुणाचे पाय वाचले? ते बंद झाले ते एकच टीम पुढे पळू नये म्हणून. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आणि टिरेलभक्त, ब्राझीलच्या पाण्याचं तुमचं बरोबर आहे. शिक्षा सारखी हवी होती. छर्रे मात्र लबाडीच.

टिरेलभक्त

लबाडी म्हणा, चालेल. पण मग १९८१ची पिकेची गाडीही लबाडी म्हणा, त्याच दमात.

चौथा_गिअर

मी म्हणतो. ६ सेंमीची गाडी, पाण्याची गाडी, छर्ऱ्यांची गाडी आणि १६चं इंजिन, चारही एका रांगेत लावा. सगळ्यांना टाळ्या किंवा सगळ्यांना शिव्या, यातलं काहीही मला चालेल. टोयोटा मात्र त्या रांगेत नाही.