मदत हवी आहे: विंडो पूर्ण मोठी केली की फायरफॉक्सचे टॅब वरून कापले जातात

नमस्कार मंडळी,

मी भाषांतराचं काम करते. दिवसाचे सात-आठ तास ब्राउझर समोर असतो आणि वीस-पंचवीस टॅब कायम उघडे असतात. पंधरा दिवसांपूर्वी कॉम्प्युटर बदलला आणि तेव्हापासून फायरफॉक्सच्या विंडोची वरची चौकट बिघडली आहे. आतली पानं अगदी नीट दिसतात. गडबड फक्त टॅबची ओळ आणि उजव्या कोपऱ्यातली तीन बटणं एवढ्याच भागात आहे.

नेमकं काय होतं ते सांगते. विंडो पूर्ण मोठी केली की टॅबची अख्खी ओळ वर सरकते आणि स्क्रीनच्या कडेबाहेर गेल्यासारखी कापली जाते. शिरोरेघेच्या वरचं सगळं उडतं. 'बोली' असं शीर्षक असलेला टॅब 'बाला' दिसतो, 'मोडी'चं 'माडा' होतं. मराठी शीर्षकांचे टॅब शेजारी शेजारी असले की कुठलं पान कुठलं ते ओळखता येत नाही, प्रत्येकावर माउस नेऊन बघावं लागतं. विंडो लहान केली की ओळ झटक्यात खाली येते आणि टॅब पूर्ण दिसतात.

दुसरा त्रास जास्त मोठा आहे. टॅब भरपूर झाले की शेवटचा टॅब त्या तीन बटणांच्या खाली शिरतो. त्याची फुली आणि विंडो बंद करायची फुली जवळजवळ एकावर एक येतात. परवा टॅब बंद करायला गेले आणि सगळी विंडोच बंद झाली. हिस्ट्रीतून टॅब परत मिळाले, पण एका फॉर्ममध्ये तासभर भरलेला मजकूर गेला तो गेलाच.

तिसरी गोष्ट किरकोळ आहे, पण याच्याशी संबंध असेल म्हणून लिहिते. विंडो लहान असताना तिच्या चारी बाजूंनी केसाएवढी बारीक रंगीत रेघ दिसते. मागच्या आठवड्यात हिरवी होती, आज नारिंगी आहे.

आतापर्यंत केलेले उपाय: कॉम्प्युटर बंद-चालू केला. स्क्रीनशॉट घेऊन फोनवर पाहिला, तर त्यातही टॅब कापलेलेच आहेत, म्हणजे मॉनिटर किंवा केबलचा दोष नसावा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबून ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट केला. स्क्रीन क्षणभर काळी झाली, बीप वाजला, फरक शून्य. मग फायरफॉक्स ट्रबलशूट मोडमध्ये उघडला आणि तिथे टॅब व्यवस्थित दिसले! वाटलं, एखादं एक्स्टेन्शन असणार. नेहमीच्या मोडमध्ये येऊन सगळी एक्स्टेन्शन्स बंद केली, तरी दोष तसाच. हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (चित्र रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाकडे देणारी सोय) बंद करून पाहिलं, तरी तसाच. इथे माझी मती खुंटली.

विंडोज ११ आहे, डिस्प्ले स्केल १२५ टक्के, फायरफॉक्स ताजा आहे. जाणकारांनी कृपया मार्ग सांगावा.

प्रतिसाद १

ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर नव्याने टाकून बघा. १२५ टक्क्यांवर चौकटीचे असले प्रकार होतात. तेवढ्याने नाही जमलं तर सरळ 'रिफ्रेश फायरफॉक्स' करा, दोन मिनिटांचं काम आहे.

प्रतिसाद २

ताई, रिफ्रेश इतक्यात करू नका. बुकमार्क आणि पासवर्ड राहतात, पण एक्स्टेन्शन्स जातात, आणि दोष कशामुळे होता ते कधीच कळत नाही. जुना डेटा डेस्कटॉपवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला जातो हे खरं, पण तो निवडून परत आणणं जिकिरीचं आहे.

ड्रायव्हरबद्दलही शंका आहे. ड्रायव्हरचा दोष असता तर चित्र फाटलं असतं, लुकलुकलं असतं, काळे चौकोन आले असते. इथे ओळ प्रत्येक वेळी तेवढीच सरकते आणि विंडो लहान केली की जागेवर येते. एवढा नेमकेपणा बिघडलेल्या ड्रायव्हरकडे नसतो. कुठेतरी कुणीतरी तसा नियम लिहिलेला आहे.

दोन प्रश्न. १२५ टक्के स्केल १०० करून पाहिलंत का? आणि या कॉम्प्युटरवर फायरफॉक्स कोरा सुरू केलात की जुन्या कॉम्प्युटरवरून काही आणलंत?

धागालेखिका

स्केल आत्ता १०० करून पाहिलं. कापलं जाणं थोडं कमी वाटतं, पण आहेच.

जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ होतं आणि फायरफॉक्स ११५ वर अडकलेला होता. तिथला प्रोफाइलचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन इथे टाकला. बुकमार्क, पासवर्ड सगळं आलं म्हणून खूश होते. हे आधीच सांगायला हवं होतं का?

प्रतिसाद २

हरकत नाही, आता सगळं जुळतंय. विंडोज ७ साठी ११५ हीच शेवटची आवृत्ती, त्यामुळे तिथे फायरफॉक्स तेवढ्यावर थांबला होता. इथे एका उडीत तुम्ही ताज्या आवृत्तीवर आलात, पण प्रोफाइल जुनंच.

तुमची गफलत कुठे झाली ते सांगतो, कारण ती बहुतेकांची होते. ट्रबलशूट मोड म्हणजे फक्त 'एक्स्टेन्शन्स बंद' असा समज असतो. तो एका वेळी बऱ्याच गोष्टी बाजूला ठेवतो: एक्स्टेन्शन्स, हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन, तुमची थीम, टूलबारची तुम्ही केलेली मांडणी, आणि प्रोफाइलमध्ये कुणी स्वतःच्या स्टाइलची फाइल ठेवली असेल तर तीही. यातली पहिली दोन तुम्ही वेगवेगळी तपासून बाद केलीत, ते उत्तम केलंत. उरल्या थीम, मांडणी आणि ती फाइल. थीम रंग बदलते, ओळी सरकवत नाही. माझा संशय फाइलवर आहे.

असं बघा. अ‍ॅड्रेस बारमध्ये अबाउट:सपोर्ट लिहून एंटर करा. तिथे 'प्रोफाइल फोल्डर'समोर 'ओपन फोल्डर' असं बटण आहे, ते दाबा. उघडलेल्या फोल्डरमध्ये 'क्रोम' नावाचा फोल्डर आणि त्यात 'युजरक्रोम डॉट सीएसएस' अशी फाइल आहे का? नंतर अबाउट:कॉन्फिग उघडून 'लेगसी-युजर-प्रोफाइल' एवढं इंग्रजीत सलग शोधा. जी ओळ मिळेल ती ट्रू आहे की फॉल्स?

धागालेखिका

दोन्ही आहेत! फाइलही आहे, ओळही ट्रू आहे. पण मी तर ही फाइल कधी बनवली नाही. आणि फायरफॉक्सच्या आत क्रोमचा फोल्डर कसा आला? चुकून दुसऱ्या ब्राउझरचं काही मिसळलं का?

फाइल नोटपॅडमध्ये उघडली. एकूण चार नियम आहेत. मला कळलं तेवढं लिहिते: एकात पॅडिंग-टॉप १६ पिक्सेल. एकात विंडो मॅक्सिमाइज असताना मार्जिन-टॉप उणे १६ पिक्सेल. एकात त्या तीन बटणांबद्दल 'पोझिशन: फिक्स्ड' असं काही. शेवटच्यात अ‍ॅड्रेस बारचा फाँट १७ पिक्सेल.

आता आठवलं. पाच-सहा वर्षांपूर्वी माझा भाचा सुट्टीत आला होता. अ‍ॅड्रेस बारमधली अक्षरं बारीक दिसतात म्हणून मी कुरकुर करत होते, त्याने काहीतरी करून ती मोठी करून दिली होती. हेच ते असणार.

प्रतिसाद २

मिसळलेलं नाही काही. वेब पानाभोवतीचा जो भाग असतो, टॅब, बटणं, अ‍ॅड्रेस बार, थोडक्यात चौकट, त्याला मोझिलाच्या मंडळींमध्ये पूर्वीपासून 'क्रोम' म्हणतात. गूगलचा त्या नावाचा ब्राउझर २००८ साली आला, हा शब्द त्याच्या आधीचा. म्हणून चौकटीसाठीची फाइल युजरक्रोम.

बहुतेक साध्या प्रोग्रॅमांची शीर्षकपट्टी विंडोज काढून देतं. ब्राउझरला टॅब थेट त्या पट्टीत बसवायचे असतात, म्हणून तो ती जागा विंडोजकडून मागून घेतो आणि तिथलं सगळं स्वतः रंगवतो. फायरफॉक्सची ही चौकट वेब पानासारखीच सीएसएसच्या, म्हणजे पानाची मांडणी आणि रूप ठरवणाऱ्या भाषेच्या, नियमांनी मांडलेली असते. त्यामुळेच एका साध्या फाइलने ती हलवता येते. भाच्याने हेच केलं. फाइल पाच-सहा वर्षांपूर्वीची असेल तर ही फाइल वाचायची की नाही ते ठरवणारा अबाउट:कॉन्फिगमधला स्विचही त्यानेच ट्रू केला असणार, कारण २०१९ मधल्या ६९ व्या आवृत्तीपासून तो मुळात बंद असतो.

आता तुमचे नियम. पहिला १६ पिक्सेल जागा देत होता आणि दुसरा मोठ्या विंडोत तेवढीच काढून घेत होता. जुन्या कॉम्प्युटरवर हिशेब बरोबर बसत होता. पण नियम लिहिताना चौकटीतल्या कुठल्या भागाला तो लावायचा त्याचं नाव द्यावं लागतं, आणि मधल्या आवृत्त्यांमध्ये यातली काही नावं गेली, काही बदलली. सीएसएसला नाव सापडलं नाही तर ते तक्रार करत नाही, तो नियम गुपचूप सोडून देतं. माझ्या अंदाजाने तुमचा पहिला नियम असा सुटलाय आणि दुसरा लागू आहे. म्हणजे देणारा गेला, काढणारा राहिला. तुमच्या मात्रा त्या १६ पिक्सेलांत गेल्या.

बटणांचंही तेच. 'पोझिशन: फिक्स्ड' केलं की ती बटणं ओळीच्या हिशेबातून बाहेर पडतात. टॅबना वाटतं ती जागा रिकामी आहे, म्हणून शेवटचा टॅब खाली शिरतो.

फायरफॉक्स पूर्ण बंद करा. फाइलची एक प्रत दुसरीकडे ठेवा. मग पहिले तीन नियम, प्रत्येकाच्या महिरपी कंसासकट, पुसा. फाँटचा नियम राहू द्या. सेव्ह करून फायरफॉक्स उघडा. ही फाइल फक्त सुरू होतानाच वाचली जाते.

धागालेखिका

झालं!!! 'बोली' पुन्हा 'बोली' दिसतंय. मुद्दाम चाळीस टॅब उघडून पाहिले, शेवटचा टॅब बटणांच्या अलीकडे थांबतो, आणि जागा संपली की ओळ बाजूला सरकवायचे बाण येतात. अ‍ॅड्रेस बारची अक्षरंही मोठीच राहिली. तुमचे आभार कसे मानू कळत नाही, पंधरा दिवस मी ग्राफिक्स कार्डाला दोष देत होते.

फक्त ती रेघ अजून आहे. आज पुन्हा हिरवी.

प्रतिसाद ३

रेघेचं मी सांगते. वॉलपेपर आपोआप बदलणारा लावला आहे का? आणि दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमची विंडो लहान करून बघा, तिलाही रेघ आहे का?

धागालेखिका

हो, वॉलपेपर रोज बदलतो. नोटपॅड लहान करून पाहिलं, त्यालाही हिरवी रेघ! बाकी सगळं मी नेहमी पूर्ण मोठं करून वापरते, म्हणून फक्त फायरफॉक्सलाच आहे असं वाटत होतं.

प्रतिसाद ३

मग ती फायरफॉक्सची नाहीच, विंडोजची आहे. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात कलर्स. अ‍ॅक्सेंट कलर 'ऑटोमॅटिक' असेल तर विंडोज तो वॉलपेपरमधून उचलतं. त्याच पानावर खाली शीर्षकपट्टी आणि विंडोच्या कडांवर अ‍ॅक्सेंट कलर दाखवण्याचा स्विच आहे, तो बंद करा. रेघ नकोशी नसेल तर रंग हाताने एकच निवडून ठेवा. दोन विंडो शेजारी ठेवून काम करताना आपण कुठल्या विंडोत टाइप करतोय ते त्या रेघेवरून कळतं, मी तरी ती चालू ठेवते.

धागालेखिका

मूळ मजकूर एका बाजूला आणि भाषांतर दुसऱ्या बाजूला ठेवून काम असतं माझं, आणि चुकीच्या विंडोत टाइप होणं रोजचंच आहे. मग रेघ ठेवते, गडद निळी केली.

एक शेवटचा प्रश्न. फाँटचा तो नियम तसाच ठेवला तर पुढच्या अपडेटला पुन्हा काही बिघडेल का?

प्रतिसाद २

अक्षरांच्या मापाचा नियम कुठली ओळ वर-खाली ढकलत नाही. फार तर एखाद्या अपडेटनंतर अक्षरं पुन्हा बारीक होतील, तेव्हा नियमातलं नाव तेवढं बदलावं लागेल. आणि चौकटीत पुन्हा काही वेगळं दिसलं तर सगळ्यात आधी त्या क्रोम फोल्डरचं नाव तात्पुरतं बदलून फायरफॉक्स उघडून बघा. भाच्याला नवी फाइल पाठवून द्या, त्याच्याकडे जुनीच असेल तर त्याचेही टॅब कापले जात असतील.