व्हँकूवर कॅनक्स: नेमकं पाणी कुठे मुरतंय?

निळीरेषा

डिसेंबर २०२५मध्ये क्विन ह्यूजेस मिनेसोटाला गेला तेव्हापासून एकच प्रश्न चघळला जातोय: कर्णधार का गेला? माझ्या मते या प्रश्नाची सुरुवात २३ जुलै २०२१ला होते.

ज्यांनी एनएचएल (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा असते, तिला कॅप म्हणतात. त्या उन्हाळ्यात ती ८ कोटी १५ लाख डॉलरवर अडकली होती, कोविडमुळे वाढत नव्हती. आपल्याकडे तीन नकोसे करार होते: एरिक्सन ६० लाख, बीगल ३० लाख, रुसेल ३० लाख. तिन्ही २०२२ला आपोआप संपणार होते. एक हंगाम कळ काढली असती तर १ कोटी २० लाखांची जागा एक छदाम न मोजता मोकळी झाली असती.

तेव्हाचे जनरल मॅनेजर जिम बेनिंग यांनी ती कळ काढली नाही. तिघांना ॲरिझोनाच्या गळ्यात मारलं, वर २०२१चा ९वा पिक (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला हक्काचा क्रमांक), २०२२चा दुसऱ्या फेरीचा आणि २०२३चा सातव्या फेरीचा पिक दिला. बदल्यात कॉनर गार्लंड आणि ऑलिव्हर एकमन-लार्सन आले. एकमन-लार्सनचा करार २०२७पर्यंतचा, वर्षाला ८२.५ लाखांचा. पगारातला ५० टक्क्यांपर्यंतचा वाटा आधीचा संघ उचलू शकतो. ॲरिझोनाने उचलला १२ टक्के. आपल्या माथी वर्षाला ७२.६ लाख, तेही सहा हंगाम. पुढच्याच हंगामात ९२ गुण झाले आणि प्लेऑफ ५ गुणांनी हुकली, म्हणजे ज्यासाठी घाई केली तेही पदरात पडलं नाही.

त्या ९व्या पिकवर ॲरिझोनाने डिलन गुंथर घेतला. आता युटाकडे असलेल्या या पोराने २०२४-२५मध्ये २७ गोल मारले. आणि आपण एकमन-लार्सनचा करार दोनच हंगामांत मोडला. त्याचे पैसे २०३१पर्यंत फेडायचे आहेत.

हिशोबनीस

सौदा वाईट होता, वाद नाही. पण करार मोडल्याबद्दल जी ओरड होते ती हिशोब न मांडता होते. तो असा:

२६ वर्षांवरच्या खेळाडूचा उरलेला पगार घ्यायचा, त्याचे दोन तृतीयांश काढायचे आणि उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात समान हप्त्यांनी द्यायचे. एकमन-लार्सनची चार वर्षं उरली होती: १ कोटी ५ लाख, ८० लाख, ५२.५ लाख, ५२.५ लाख. एकूण २ कोटी ९० लाख. त्यातला आपला ८८ टक्के वाटा २ कोटी ५५ लाख २० हजार, त्याचे दोन तृतीयांश साधारण १ कोटी ७० लाख, भागिले ८. दर वर्षी २१.२७ लाखांचा हप्ता.

कॅपवर मात्र हा आकडा सरळ पडत नाही. पहिली चार वर्षं मूळ कॅप-भारातून (कराराची कॅपमध्ये धरली जाणारी वार्षिक सरासरी) त्या वर्षी वाचलेला पगार वजा होतो. पहिल्या वर्षाचा पगार मोठा, म्हणून बचत मोठी, म्हणून २०२३-२४चा भार फक्त १.४७ लाख. मग २३.४७ लाख, मग दोन वर्षं ४७.६७ लाख, आणि २०३१पर्यंत दर वर्षी २१.२७ लाख.

त्या पहिल्या उन्हाळ्यात सुटलेल्या ७१ लाखांत सूसी (३२.५ लाख) आणि कोल (३० लाख) हे दोन बचावपटू आरामात बसत होते. त्याच हंगामात १०९ गुण, विभागाचं विजेतेपद, आणि एडमंटनविरुद्ध सातव्या सामन्यापर्यंत मजल. करार न मोडता हे कसं जमलं असतं? नो-मूव्ह कलमामुळे त्याला मायनरमध्ये (खालच्या लीगमध्ये) पाठवता येत नव्हतं, की त्याच्या मर्जीशिवाय विकताही येत नव्हतं. शिवाय २०२५-२६मध्ये कॅप ९ कोटी ५५ लाख होती. २०२१ला त्याचा भार ९ टक्के होता, २०२५-२६ला, सगळ्यात वाईट वर्षी, ५ टक्के.

चौथीफळी

हिशोबनीस यांच्याशी सहमत. एकमन-लार्सनला धोपटणं सोपं आहे, कारण ते बेनिंग यांच्या खात्यावर टाकता येतं. खरी गोची नंतरच्या व्यवस्थापनाची आहे.

जानेवारी २०२३ला होर्व्हॅट विकला, पहिल्या फेरीचा पिक आला. महिनाभरात तोच पिक आपल्या दुसऱ्या फेरीच्या पिकसह डेट्रॉइटला देऊन ह्रोनेक आणला. ३१ जानेवारी २०२५ला मिलर विकला, खितिल, मॅन्सिनी आणि पहिल्या फेरीचा पिक आला. तो पिक त्याच रात्री पिट्सबर्गला गेला आणि मार्कुस पेटरसन व ओकॉनर आले. ह्रोनेक उत्तम आहे, त्यावर वाद घालणार नाही. पण होर्व्हॅट आणि मिलर हे दोन बिनीचे सेंटर (मधल्या जागेचे आक्रमक) गेले आणि मोबदल्यातलं भरवशाचं सामान सगळं बचावफळीत. सेंटर कुठे? खितिल डोक्याच्या दुखापतींनी बेजार. राहिला एलायस पेटरसन: वर्षाला १ कोटी १६ लाख, आणि कराराच्या पहिल्याच हंगामात ६४ सामन्यांत ४५ गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून).

निळीरेषा

चौथीफळी, सेंटर कुठे गेला ते सांगतो. पियुस सुटरने २०२४-२५मध्ये २५ गोल मारले आणि सेंट लुईसने त्याला वर्षाला ४१.२५ लाख देऊन नेलं. २०२५-२६मध्ये आपल्या कॅपवर मृत पैसा (संघात नसलेल्या खेळाडूचा भार) किती? ४७.६७ लाख. टक्केवारीत ५ टक्के छोटे वाटतात, मैदानावर ते दुसऱ्या फळीच्या सेंटरएवढे असतात.

आणखी एक. मोकळी जागा रोज साठत जाते. हंगामाच्या पहिल्या दिवसापासून १० लाख मोकळे ठेवले तर ट्रेडची (खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत संपताना, पाव हंगाम उरलेला असताना, ४० लाखांच्या आसपास पगाराचा खेळाडू घेता येतो. दीर्घ दुखापतीच्या सवलतीवर (जखमी खेळाडूच्या पगारापोटी कॅप ओलांडायची मुभा) चालणाऱ्या संघाला हे साठवता येत नाही. मृत पैसा नुसती आजची जागा खात नाही, फेब्रुवारी-मार्चमधली चौपट जागा खातो.

हिशोबनीस

सुटरचं उदाहरण इथे लागू पडत नाही. तो गेला त्याच्या आदल्याच दिवशी आपण ब्रॉक बेसरला सात वर्षं, वर्षाला ७२.५ लाख दिले. पैसे होते, विंगर (कडेचा आक्रमक) निवडला. ही निवड २०२५ची आहे, २०२१ची नव्हे.

फ्रेझरकाठ

तुम्ही दोघं २०२१पासून मोजताय, मी २००९पासून मोजेन. गोलकीपर लुओंगोचा १२ वर्षांचा, ६ कोटी ४० लाखांचा करार: सुरुवातीला भरमसाट पगार आणि शेपटाला चिल्लर, म्हणजे सरासरी खाली येते आणि कॅपवर भार कमी दिसतो. खेळाडू संघटनेबरोबरच्या २०१३च्या सामूहिक करारात लीगने ही वाट बंद केली आणि वसुलीची तरतूद (खेळाडू मुदतीआधी निवृत्त झाला तर कॅपवर आधी वाचवलेला भार संघाच्या माथी मारायचा) जुन्या करारांनाही लावली. लुओंगो २०१९ला निवृत्त झाला, तेव्हा तो फ्लोरिडाकडून खेळत होता. तरी आपल्याला तीन हंगाम, दर वर्षी ३०.३५ लाखांचा फटका. नियम मागाहून लावला हा अन्याय आहेच. पण तो दंड २०१९ ते २०२२ डोक्यावर असतानाच एरिक्सन, बीगल, रुसेल पोसले जात होते, आणि त्याच तंगीतून ॲरिझोनाचा सौदा निघाला. उद्याच्या कॅपमधून आजचा खेळाडू घ्यायचा, ही या क्लबची जुनी खोड आहे. तीन व्यवस्थापनं बदलली, खोड तीच.

इथले बरेचजण विसरतात म्हणून: तिकिटांचे पैसे कॅनेडियन डॉलरमध्ये येतात आणि पगार अमेरिकन डॉलरमध्ये जातात. मोडलेल्या करारावरचे १ कोटी ७० लाखही अमेरिकनच. मालकांना दरवर्षी प्लेऑफच्या घरच्या सामन्यांचं उत्पन्न हवंसं वाटतं त्यामागे हेही एक कारण असावं.

निळीरेषा

हिशोबनीस, मृत पैसा घेऊनही नीट चालता येतं हे मला मान्य आहे. तेच तर दुखणं आहे. मिनेसोटाकडे बघा. २०२१च्याच जुलैत त्यांनी पारिझे आणि रायन सुटर दोघांचे करार मोडले. २०२२-२३ला १ कोटी २७ लाखांचा मृत भार, पुढची दोन वर्षं १ कोटी ४७ लाखांचा. आपल्या सर्वात वाईट वर्षाच्या तिप्पट!

त्यांनी काय केलं? फियाला परवडत नव्हता, म्हणून २०२२ला लॉस एंजेलिसला विकला आणि बदल्यात ब्रॉक फेबर व १९वा पिक घेतला. पिक पुढे ढकलला नाही, त्यावर लियाम ओग्रेन निवडला. २०२०च्या ९व्या पिकवर मार्को रॉसी आणि २०२४च्या १२व्या पिकवर झीव बुइयम त्यांच्याकडे होतेच. २०२५-२६ला मृत भार १६.७ लाखांवर उतरला आणि त्याच हंगामात त्यांनी ओग्रेन, रॉसी, बुइयम हे तिघं आणि २०२६चा पहिल्या फेरीचा पिक देऊन ह्यूजेस उचलला. नॉरिस (सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार) जिंकलेला खेळाडू, २०२७पर्यंत वर्षाला अवघ्या ७८.५ लाखांत.

गुंथर, होर्व्हॅटचा पिक, मिलरचा पिक: आपल्या हातातही अशीच तीन नाणी होती.

चौथीफळी

मग आता तरी मिनेसोटाचा पिक विकू नका, एवढीच मागणी धरून बसायला हवं. त्याच्या जोडीला, प्रत्येक संघाला एका वेळी तीन करारांवर पगाराचा वाटा राखून ठेवता येतो. ह्या तीन जागा मुदतीच्या आधी भाड्याने देता येतात: दुसऱ्याच्या खेळाडूचा अर्धा पगार आपण उचलायचा आणि मोबदल्यात तिसऱ्या-चौथ्या फेरीचा पिक घ्यायचा. ज्या हंगामात जिंकायचंच नाही, त्यात कॅपचा यापेक्षा चांगला उपयोग मला दिसत नाही.

हिशोबनीस

भाड्याने द्यायला आधी जागा तर हवी. एलायस पेटरसनचं नो-मूव्ह कलम १ जुलै २०२५ला लागू झालं. आता त्याच्या संमतीशिवाय १ कोटी १६ लाख हलत नाहीत, ते २०३२पर्यंत. मार्कुस पेटरसनचे ५५ लाख २०३१पर्यंत, बेसरचे ७२.५ लाख २०३२पर्यंत. तुमची योजना मला पटते, पण या तिघांपैकी एकाला तरी हलवल्याशिवाय ती कशी राबवायची ते सांगा. माझं मत मार्कुसच्या बाजूने: वय आणि पगार पाहता गिऱ्हाईक त्यालाच मिळेल, आणि मोबदल्यात खेळाडू नाही, पिकच मागायचा.