मदत हवी आहे: केकमधल्या 'करंट'ला मराठीत काय म्हणायचं?

लेक सहावीत आहे. काल केकच्या कृतीत 'मूठभर करंट' वाचून म्हणाली, "आई, केकला शॉक द्यायचा?" हसू आवरेना, पण समजावताना माझीच दांडी उडाली.

एवढं कळलंय: विजेचा करंट लॅटिनमधल्या 'धावणे' या क्रियापदावरून आला, नदीचा प्रवाहही तोच. खायचा करंट, म्हणजे वाळवलेलं बारीक द्राक्ष, मात्र ग्रीसमधल्या कॉरिंथ शहराच्या नावावरून. नातं काहीच नाही. उच्चार सारखाच, फक्त विजेच्या स्पेलिंगमध्ये ई आणि खायच्या स्पेलिंगमध्ये ए. (ब्लॅककरंट आइस्क्रीममधलं फळ तर तिसरंच, ते द्राक्षच नाही!)

अडलंय ते मराठीत. नाशिकसारख्या द्राक्षांच्या गावात राहून या वाळवलेल्या, बारीक, काळ्या, बिनबियांच्या द्राक्षाला शब्द सापडू नये? रविवार कारंजावर विचारलं, तर दुकानदाराने काळ्या मनुका पुढे केल्या. चांगल्या टपोऱ्या, आत बी. बेदाणा म्हणजे मुळातच 'बिनबियांचा', पण म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो पिवळसर-हिरवा. सासूबाई म्हणतात, "काळा बेदाणा म्हण आणि मोकळी हो."

पिंपळगाव, निफाडकडे कुणी बेदाणा करणारे आहेत का इथे? तुम्ही याला काय म्हणता?