मदत हवी आहे: ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासींचा वारसा व्हीआरमधून (आभासी वास्तव, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून) मुलांना दाखवायचाय

नमस्कार मंडळी, पर्थमधल्या आमच्या मराठी शाळेत हा उपक्रम करायचाय. २०१७ मध्ये कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या केव्ह हिल या ठिकाणची मूळनिवासींची गुहाचित्रं प्रोजेक्टरने घुमटाच्या आत दाखवली होती. लोक आडवे पडून सात बहिणींची, म्हणजे आपल्या कृत्तिकांची, कथा बघायचे. तेही मूळनिवासी वडीलधाऱ्यांच्याच पुढाकाराने, हे मला फार मोलाचं वाटतं. २०२० मध्ये आमच्याच पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यात मूळनिवासींच्या जूकन घळीतल्या प्राचीन गुहा खाणीसाठी सुरुंग लावून उडवल्या. म्हणून हा वारसा मुलांपर्यंत पोचवायचं काम आता थांबून चालणार नाही.

मूळनिवासी समाजाने स्वतः केलेलं, हेडसेटवर बघता येईल असं काही कुणाला माहीत आहे का? परवानगी कुणाकडे मागायची? अनेक मूळनिवासी समाजांच्या रीतीप्रमाणे दिवंगत व्यक्तींचे चेहरे किंवा आवाज असतील तर आधी सूचना द्यावी लागते, ती लहान मुलांना कशी सांगता? अनुभव असेल तर जरूर कळवा.