डफरिन घराणं आयरिश की शेवटपर्यंत उपरंच?

वंशवेल (धागाकर्ता)

रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहिला की 'इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या राजाला इथे आणून ठेवलं' हे वाक्य हमखास कानावर पडतं. पण 1885 साली थिबाचं राज्य घेणारा आणि पुढच्याच वर्षी त्याला रत्नागिरीला धाडणारा व्हाइसरॉय, लॉर्ड डफरिन, इंग्रज नव्हता. नाव फ्रेडरिक ब्लॅकवूड, घर उत्तर आयर्लंडातल्या काउंटी डाउनमध्ये. ब्लॅकवूड मूळचे स्कॉटलंडचे, 17व्या शतकात समुद्र ओलांडून अल्स्टरमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागात स्थिरावलेले.

माझं मत स्पष्ट आहे. अडीच-पावणेतीनशे वर्षं एका मातीत राहिलेलं घराणं त्या मातीचंच म्हणायला हवं. शिवाय डफरिनची आई हेलन ही डब्लिनमध्ये जन्मलेल्या रिचर्ड ब्रिन्सली शेरिडन या नाटककाराची नात. शेरिडन हे अस्सल गेलिक, म्हणजे मूळ आयरिश घराणं. या आईसाठी मुलाने इस्टेटीतल्या टेकडीवर हेलन्स टॉवर बांधला आणि टेनिसन या कवीकडून त्यावर कविता लिहून घेतली. 1847 च्या दुष्काळात ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना हाच मुलगा आयर्लंडच्या पार दक्षिणेला स्किबरीनला गेला, उपासमार डोळ्यांनी पाहिली आणि ती छापून लोकांसमोर आणली. मनाने उपरा असलेला जमीनदार हे करत नाही.

नाना_पेठकर

वंशवेल, दुष्काळाची गोष्ट खरी आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण ही जमीन आली कुठून, ते तुम्ही सांगितलंच नाही. तिथूनच सुरुवात करायला हवी.

तो सगळा मुलूख ओ'नील कुळाच्या एका शाखेचा. 1600 च्या सुमारास तिथला सरदार होता कॉन ओ'नील. त्याच्या माणसांची दारूवरून इंग्रज सैनिकांशी मारामारी झाली, एक सैनिक मेला, आणि कॉन कॅरिकफर्गसच्या किल्ल्यात कैदेत पडला. त्याला वाचवायला दोन स्कॉटिश माणसं पुढे आली. एक ह्यू माँटगोमेरी. दुसरा जेम्स हॅमिल्टन, एअरशरमधल्या डनलॉपच्या पाद्र्याचा मुलगा, डब्लिनमध्ये लॅटिन शिकवणारा आणि स्कॉटलंडच्या राजा जेम्ससाठी हेरगिरी करणारा. सुटकेची किंमत काय? 1605 मध्ये मुलखाचे तीन वाटे झाले. दोन या दोघांना, एक कॉनला. काही वर्षांत कॉनचा वाटाही तुकड्यातुकड्याने विकला गेला.

या हॅमिल्टनांच्या जमिनीचा वाटा पुढे ब्लॅकवूडांकडे आला. तो पाया असलेल्या घराण्याला 'मातीचं' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि आईचं माहेर काढून मुलाला गेलिक ठरवता येत असेल, तर मग कुठलाही वंश कुठेही जोडता येईल.

मृण्मयी_द

नाना, आईकडचं एवढं उडवून लावू नका. या घराण्यात बायकांना वगळलं तर काहीच शिल्लक राहत नाही.

हॅमिल्टनांची मूळ शाखा 1675 मध्ये निर्वंश झाली. जमीन त्यांच्या भाऊबंदांकडून वारस मुलींमार्फत फिरत डॉर्कस स्टीव्हन्सनकडे आली. तिने सर जॉन ब्लॅकवूडशी लग्न केलं, म्हणून ती ब्लॅकवूडांची झाली. पुढचं तर ऐकाच. डब्लिनची पार्लमेंट मोडून लंडनशी एकत्र करायचा ठराव आला तेव्हा सर जॉन विरोधात होते. ठरावाविरुद्ध मत द्यायला निघताना बूट चढवता चढवताच ते गेले, असं घराण्यात सांगतात. मुलगा जेम्सने मात्र बाजूने मत दिलं, आणि 1800 मध्ये त्याच्या विधवा आईला सरदारकी मिळाली. पहिली 'बॅरनेस डफरिन' ही बाई आहे! किताबाची सुरुवातच तिच्यापासून.

डफरिनने स्वतः 1862 मध्ये आडनावाला हॅमिल्टन जोडलं, 1872 मध्ये आजीच्या माहेरचं टेंपल. त्याची बायको हॅरियट किलिलेच्या किल्ल्यातली रोवन-हॅमिल्टन. या किल्ल्याच्या देवडीवरून दोन्ही घरांत पिढ्यान्‌पिढ्या भांडण होतं, ते या लग्नाने मिटलं. आपल्याकडे वंशावळीत मुलींच्या जागी नुसतं 'कन्या' लिहून पुढे जातात. तीच सवय इथे लावली तर हे घराणं कळणारच नाही.

कातळसडा

मी रत्नागिरीचा. आयरिश की स्कॉटिश हे तिकडे ठरवा. माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे.

1888 मध्ये डफरिनला बढती मिळाली तेव्हा किताब काय घेतला? 'मार्क्विस ऑफ डफरिन अँड आव्हा'. आव्हा ही ब्रह्मी राजांची जुनी राजधानी. थिबाने इथे तीस वर्षं काढली, 1910 मध्ये पुरा झालेल्या राजवाड्यात शेवटची सहा, आणि 1916 मध्ये इथेच मेला. कबरही इथेच. ज्याचं राज्य घेतलं तो कोकणात कैदेत, आणि त्याच्या पूर्वजांची राजधानी काउंटी डाउनच्या जमीनदाराच्या नावात, पिढीजात.

राहता राहिलं स्कॉटिशपण. ते तो जाणूनबुजून मिरवत होता. जाण्याआधी 30 नोव्हेंबर 1888 ला कलकत्त्यात सेंट अँड्र्यूज दिनाच्या मेजवानीत, म्हणजे स्कॉटिश लोकांच्याच सणाला, काँग्रेसवाल्या सुशिक्षितांना त्याने सूक्ष्मदर्शकातून दिसणारी अल्पसंख्या म्हटलं. आयरिश मातीचा माणूस पराधीन देशाबद्दल असं बोलतो?

वंशवेल

कातळसडा, त्या भाषणाचं समर्थन मी करणार नाही. पण व्हाइसरॉयला अशा मेजवानीला बोलावतात आणि तो जातो. त्यावरून वंश ठरत नाही. आयरिश माणूस साम्राज्याचा चाकर असू शकत नाही, हेही मला मान्य नाही. हजारो होते.

आणि या किताबाचा हिशेब त्या घराने चुकता केला आहे. थोरला मुलगा आर्चिबाल्ड, लॉर्ड आव्हा, 1900 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात लेडीस्मिथला मेला. धाकटा मुलगा फ्रेडरिक 1930 मध्ये विमान अपघातात. नातू बेझिल, चौथा मार्क्विस, मार्च 1945 मध्ये ब्रह्मदेशातल्या लढाईत, त्याच आव्हाच्या जवळ. 1988 मध्ये पाचवा मार्क्विस निपुत्रिक गेला आणि आव्हाचा किताब संपला. जुनी डफरिनची सरदारकी तेवढी ऑस्ट्रेलियातल्या दूरच्या शाखेकडे गेली. ट्रॅफल्गरच्या सागरी लढाईत नेल्सनच्या ताफ्यात युरायलस जहाजाचा कप्तान असलेला हेन्री ब्लॅकवूड हा डॉर्कसचाच धाकटा मुलगा, त्याचे हे वंशज. किती पिढ्या, किती देश! एवढ्या पसाऱ्याला 'लुटारू' या एका शब्दात बसवू नये.

नाना_पेठकर

लुटारू हा शब्द इथे कुणीच वापरला नाही, वंशवेल. मी विचारतोय तो हक्काचा प्रश्न, आणि तो मेलेल्या मुलांच्या दुःखाने सुटत नाही. त्या दुःखाबद्दल दुमत नाहीच.

घराचं जुनं नाव बॅलिलीडी. डफरिनने ते बदलून क्लँडबॉय केलं. क्लँडबॉय म्हणजे कॉनच्या ओ'नील शाखेचंच नाव. म्हणजे कातळसडांना आव्हाबद्दल जे खटकतंय ते त्याने स्वतःच्या दारातच करून ठेवलं होतं. 1860 च्या दशकात जमीन कसणाऱ्या कुळांच्या हक्कांची चर्चा सुरू झाली तेव्हा याच माणसाने जमीनदारांची बाजू लेखणी घेऊन लढवली. दुष्काळ पाहिलेल्या माणसाने! मला सगळ्यात जास्त तेच लागतं.

तुम्ही ऑस्ट्रेलियापर्यंत वंश शोधलात, तर दुसऱ्या बाजूचाही शोधा. क्लँडबॉयच्या ओ'नीलांची एक शाखा 18व्या शतकात पोर्तुगालला गेली. तिथे ते अजून आहेत आणि क्लँडबॉयचे ओ'नील म्हणूनच ओळखले जातात.