हाताला न लागणारी गाठ: तार की चुंबकीय सीड?

प्रश्न
स्तनातली ९ मिमीची गाठ हाताला लागत नाही, सोनोग्राफीतच दिसते. अशी गाठ ऑपरेशनमध्ये सापडावी म्हणून त्याच सकाळी तिच्यात हूकची तार घालतो. आता त्याऐवजी चुंबकीय सीड (सुईने गाठीत बसवायचा धातूचा बारीक दाणा) सुरू करायचंय. शोधताना प्रोबचा (सीड शोधणाऱ्या दांडीसारख्या उपकरणाचा) आकडा उड्या मारतो म्हणतात, तो का? केमोथेरपी आधी द्यायची असेल तर सीड कधी घालायचं?

उत्तर १ (सर्जरी)
बहुतेक वेळा कारण स्टील. जखमेत स्टीलचा रिट्रॅक्टर (जखमेच्या कडा बाजूला धरणारं साधन) असेल तर प्रोबला सीडऐवजी तोच सापडतो. शोधताना स्टीलची इन्स्ट्रुमेंट्स बाहेर काढा, प्लास्टिकचे रिट्रॅक्टर लावा. प्रोब टेबलापासून लांब हवेत धरून शून्यावर आणा, आणि हे ऑपरेशनभर अधूनमधून करत राहा.

दुसरं कारण खोली. सीड जेमतेम ५ मिमीचं; ३ सेंमीच्या पुढे सिग्नल फार क्षीण होतो. घालण्याआधी रुग्णाला ऑपरेशनसारखं उताणं झोपवून त्वचेपासूनचं अंतर मोजा. सीड उघडं पडू लागलं की तिथे सक्शन नेऊ नका, नळीतून सहज निघून जातं.

उत्तर २ (रेडिओलॉजी)
केमोथेरपी आधी असेल तर सुरुवातीला फक्त क्लिप (गाठीची जागा दाखवणारी धातूची बारीक खूण) घाला. सीडमुळे एमआरआयमध्ये काही सेंमीचा काळा डाग पडतो आणि गाठ किती आकसली ते कळत नाही. शेवटचा एमआरआय झाल्यावर सीड. क्लिप मात्र टाळू नका. गाठ पूर्ण विरघळली तर जागा सांगायला तेवढीच उरते.

मॅमोग्राफीखाली सीड घालताना आणखी एक धोका आहे. दाब सोडला की दाबलेला स्तन पुन्हा फुगतो आणि सीड सुईच्या वाटेने सरकतं. बायोप्सीनंतर रक्त साचलेलं असेल तर त्यात तरंगतं. म्हणून घातल्यावर दोन दिशांनी मॅमोग्राम काढा आणि सीड गाठीपासून किती मिमी, कोणत्या बाजूला, ते रिपोर्टमध्ये लिहाच. १ सेंमीहून जास्त सरकलं असेल तर त्याच्यावर विसंबू नका, जोडीला तार घाला.

उत्तर ३ (सर्जरी)
छातीत पेसमेकर असेल तर तारच. ती त्वचेवर ताणून चिकटवू नका, सैल वळसा ठेवा. हात वर घेतला की ताणलेली तार बाहेर खेचली जाते. कॉटरीने (विजेच्या उष्णतेने कापणाऱ्या उपकरणाने) तुटते, तेही सांभाळा.

मार्कर तार असो की सीड, काढलेल्या तुकड्याची दिशा कळावी म्हणून त्याला आखूड धागा वरच्या बाजूला, लांब धागा बाहेरच्या बाजूला बांधा आणि टाके घालण्याआधी त्याचा एक्स-रे घ्या. त्यात सीड दिसलं पण गाठ किंवा क्लिप दिसली नाही, तर गाठ अजून आतच असू शकते. अशा वेळी रेडिओलॉजिस्टशी बोलल्याशिवाय जखम बंद करू नका.